रेग्युलेटरचा दोष कळवायचा कुणाला, आणि निर्णय घ्यायचा कुणी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लिनक्स चालणाऱ्या तुमच्या बोर्डवर पाच आउटपुटचा एक पीएमआयसी (अनेक व्होल्टेज रेग्युलेटर एकत्र असलेली वीजपुरवठ्याची चिप) आहे आणि त्याचा ड्रायव्हर तुम्ही लिहिताय. ओव्हर करंट, अंडर व्होल्टेज आणि ओव्हर टेंपरेचर या तिन्हींसाठी चिप एकच इंटरप्ट लाइन खाली ओढते. सध्या तुमचा हँडलर स्टेटस रजिस्टर वाचतो आणि लॉगमध्ये एक ओळ टाकतो. चाचणीत एका आउटपुटवर जास्त लोड आला तेव्हा तीच ओळ धबाधबा येत राहिली आणि कन्सोल गोठला. आता टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो सरळ कर्नेल पॅनिक करा, म्हणजे अख्खी सिस्टिम जागीच थांबवा. दुसरा म्हणतो ड्रायव्हरनेच ती रेल, म्हणजे ते आउटपुट, बंद करावी.

माझ्या मते ड्रायव्हरने या दोन्हींपैकी काहीही करू नये. लॉगचा पूर ही वेगळी अडचण आहे, तिच्याकडे नंतर येतो.

तुमच्या वादात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. काय बिघडलं, हे चिपला कळतं. ते किती गंभीर, हे बोर्ड ज्यानं डिझाइन केला त्याला ठाऊक असतं. आणि मग करायचं काय, हे त्या रेलवर जगणाऱ्या उपकरणाच्या ड्रायव्हरला कळतं. रेग्युलेटरच्या ड्रायव्हरच्या हातात यातला फक्त पहिला प्रश्न असतो. तीच ३.३ व्होल्टची रेल एका बोर्डवर एसडी कार्डाच्या खाचेला जाते, दुसऱ्या बोर्डवर इथरनेटच्या फायला (नेटवर्कच्या तारेशी बोलणाऱ्या चिपला). खाचेत कुणी खराब कार्ड घातलं म्हणून अख्खं यंत्र पॅनिक करणं हास्यास्पद आहे. रेल डीडीआरला, म्हणजे मुख्य मेमरीला, जात असेल तर ‘ड्रायव्हरनेच बंद करावी’ म्हणणाऱ्यानं बंद करण्याचा तो कोड कुठल्या मेमरीतून चालणार, याचाही विचार करावा. ड्रायव्हर मात्र दोन्हीकडे तोच असतो. म्हणून त्यानं खबर नेमकी द्यावी, वेळेवर द्यावी आणि निर्णय इतरांवर सोडावा. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

नेमका कोड कसा असावा हे बरंचसं चिपवर ठरतं. दोष आल्यावर हार्डवेअर स्वतःहून आउटपुट तोडतं का? स्टेटसचा बिट लॅच होतो (पुसेपर्यंत लागलेलाच राहतो) की दोष सरला की आपोआप उतरतो? इंटरप्ट लाइन एकदाच ठोका देते की दोष असेपर्यंत दाबून धरते? इशारा आणि खरा दोष यांना वेगवेगळे बिट आहेत का? डेटाशीटमधून या चार गोष्टी आधी काढा. तुमच्या वर्णनावरून लाइन दाबून धरली जाते असं दिसतं, तेच धरून पुढे लिहितो.

कर्नेलमध्ये आधीपासून काय आहे

रेग्युलेटर फ्रेमवर्क २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीत आलं. अंडर व्होल्टेज, ओव्हर करंट, रेग्युलेशन आउट, फेल, ओव्हर टेंपरेचर अशा घटना नोटिफायरमधून (नाव नोंदवलेल्या ड्रायव्हरांना बातमी पोचवणाऱ्या साखळीतून) कळवायची सोय त्यात होती. पण पायऱ्या नव्हत्या. घटना म्हणजे दोष, एवढंच. त्यामुळे काही ड्रायव्हर किरकोळ इशाराही त्याच नावानं पाठवायचे आणि ऐकणाऱ्याला घाबरावं की नाही कळायचं नाही. २०२१ मध्ये, ५.१४ मध्ये, रोम कंपनीच्या बीडी९५७६ या पीएमआयसीसाठी केलेल्या कामातून इशाऱ्यांच्या वेगळ्या घटना आल्या: अंडर व्होल्टेज वॉर्न, ओव्हर करंट वॉर्न, ओव्हर व्होल्टेज वॉर्न, ओव्हर टेंपरेचर वॉर्न. त्याच मालिकेत गांभीर्याच्या तीन पायऱ्याही ठरल्या.

प्रोटेक्शन म्हणजे हार्डवेअर स्वतःच पुरवठा तोडणार, सॉफ्टवेअरला विचारणार नाही. एरर म्हणजे मर्यादा इतकी ओलांडली की यंत्र नीट चालेल याची खात्री उरली नाही, सॉफ्टवेअरनं आवरतं घ्यावं. वॉर्निंग म्हणजे मर्यादा ओलांडली, पण यंत्र अजून वापरण्याजोगं आहे आणि काही केलं तर पुढचा प्रसंग टळेल. इशाऱ्याला एररचं नाव देऊ नका. कुणीतरी त्या नावावर विसंबून यंत्र बंद करणारा कोड लिहितो, आणि मग उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या पेटीतलं यंत्र दुपारी दोनला विनाकारण बंद पडतं. विदर्भात ४५ अंशांत उभ्या पेटीसाठी तापमानाचा इशारा हा रोजचा कार्यक्रम असतो.

या यादीत एक विचित्र फट आहे. ओव्हर व्होल्टेजला इशारा आहे, पण एररच्या पायरीवर त्या नावाची घटनाच नाही. पीएमबस या पॉवर चिपांच्या प्रोटोकॉलसाठीचा कर्नेलमधला कोड ओव्हर व्होल्टेज फॉल्टला रेग्युलेशन आउट या एरर फ्लॅगमध्ये बसवतो. तुमच्या चिपला पुढेमागे तो बिट लागला तर तुम्हीही तेच करा, स्वतःची नवी घटना काढू नका.

घटना आणि फ्लॅग

इथे फार जण अडखळतात. घटना ही बातमी आहे, एकदा पाठवली की गेली. फ्लॅग ही आत्ताची स्थिती आहे आणि ती ‘रेग्युलेटर गेट एरर फ्लॅग्ज’ या फंक्शननं कधीही विचारता येते. ‘दोष सरला’ अशी घटना यादीत नाही. तेव्हा ज्याला पूर्ववत व्हायचंय त्यानं फ्लॅग विचारूनच व्हायचं. म्हणून ड्रायव्हरमध्ये दोन्ही हवेत. नुसता नोटिफायर दिला तर उपभोक्ता ड्रायव्हर (त्या रेलवर चालणाऱ्या उपकरणाचा) एकदा वेग कमी करून कायमचा तसाच रांगत राहतो.

आणि दोन्हींचे बिट वेगळे आहेत बरं का. अंडर व्होल्टेजची घटना ०एक्स०१ आहे आणि त्याचा एरर फ्लॅग ०एक्स०२. ओव्हर करंटची घटनाही ०एक्स०२ आहे! घटनेच्या जागी चुकून फ्लॅग पाठवला की कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि व्होल्टेज पडल्याची बातमी करंट वाढल्याची होऊन पोचते. कोड रिव्ह्यूला आला की मी आधी हीच जागा बघतो.

लॉगचा पूर

दोष असेपर्यंत चिप लाइन दाबून धरते. तुमचा हँडलर स्टेटस वाचतो, लॉग करतो, परततो. लाइन अजून खालीच असते, लगेच पुन्हा इंटरप्ट येतो. शॉर्ट आहे तोवर हे चक्र थांबत नाही आणि सीपीयू त्यातच अडकतो. लॉगवर रेटलिमिट लावून ओळी कमी होतील, इंटरप्ट कमी होणार नाहीत. इंटरप्ट चिपमध्येच मास्क करायचा, म्हणजे तात्पुरता बंद ठेवायचा, हा दुसरा मोह. तो जमतो, पण मग अनमास्क कधी करायचं याचं घड्याळ तुम्हालाच लिहावं लागतं, आणि प्रत्येक ड्रायव्हरमध्ये ते थोडं वेगळं चुकलेलं सापडतं.

५.१४ पासून यासाठी ‘रेग्युलेटर आयआरक्यू हेल्पर’ तयार मिळतो. घटना आली की तो तुमचं ‘मॅप इव्हेंट’ हे कॉलबॅक (तुम्ही लिहून दिलेलं फंक्शन) बोलावतो. तुम्ही त्यात स्टेटस वाचायचं, कोणत्या आउटपुटला काय झालं ते भरायचं, एवढंच. नोटिफायर तो पाठवतो, एरर फ्लॅग तो साठवून ठेवतो, इंटरप्ट काही काळ बंद ठेवतो आणि मग पुन्हा चालू करतो. इंटरप्ट बंद असतानाही कुणी फ्लॅग विचारला तर साठवलेलं उत्तर मिळतं. पाचही आउटपुट एकाच हेल्परला देता येतात, तुमच्या एका लाइनसाठी तेच योग्य. तापमानाचा सेन्सर पूर्ण चिपला एकच असेल तर ती घटना पाचही आउटपुटवर लावा, कारण पाचांपैकी कुणीही लोड उतरवला तरी चिप थंड व्हायला मदतच होते.

हेल्परच्या वर्णनात काही आकडे द्यावे लागतात. सगळ्यात जास्त विचार ‘आयआरक्यू ऑफ एमएस’वर करा. एका दोषानंतर लाइन किती मिलिसेकंद बंद ठेवायची, तो हा आकडा. तो दिलाच नाही तर इंटरप्ट चालूच राहतो आणि तुमच्या चिपवर पूर पुन्हा येईल. खूप मोठा दिला तर त्या काळात त्याच लाइनवरचा दुसऱ्या रेलचा दोषही ऐकू येत नाही, कारण लाइन सामायिक आहे. तापमान सावकाश बदलतं, त्याला एक सेकंद चालतो. करंटला तेवढी सवड नसते. मिश्र लाइनवर मी शंभर ते काही शे मिलिसेकंदांत सुरुवात करतो आणि बोर्डवर बघून ठरवतो. इथे सगळ्यांना चालेल असा आकडा नाही.

सोबत ‘रीनेबल’ हे कॉलबॅक द्या. लाइन पुन्हा चालू करण्याआधी हेल्पर त्यातून विचारतो, दोष गेला का? गेला असेल तर फ्लॅग उतरतो. नसेल तर लाइन आणखी काही काळ बंद राहते. हे कॉलबॅक दिलं नाही तर ठरलेली वेळ संपताच लाइन चालू होते, दोष टिकून असेल तर लगेच इंटरप्ट येतो आणि ऐकणाऱ्यांना तीच बातमी पुन्हा पुन्हा जाते. ‘स्किप ऑफ’ लावला की संबंधित सगळ्या रेल बंद असताना आलेला इंटरप्ट खोटा समजून सोडला जातो. रेल बंद करताना आउटपुट खाली घसरतं, तेव्हा काही चिप अंडर व्होल्टेजची हाकाटी करतात, त्यावर हा उतारा.

चिपला खरंच एका इंटरप्टवर एकाच आउटपुटचा एकच दोष कळवायचा असता तर ‘मॅप इव्हेंट’ही लिहावं लागलं नसतं, त्यासाठी तयार साधं फंक्शन आहे. तुमच्याकडे तसं नाही.

अपवाद: चिपच बोलेनाशी झाली तर

वर म्हटलेला अपवाद हा. इंटरप्ट आला, पण आयटूसीवरून (चिपशी बोलायच्या दोन तारांच्या बसवरून) स्टेटस वाचताच येत नाही. हा प्रसंग कल्पनेतला नाही. आयटूसीचे पुल अप रेझिस्टर ज्या रेलवर आहेत तीच पडली असेल तर वाचणार कशातून? अशा वेळी ‘काय बिघडलं’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं आणि वाट बघत बसणं धोक्याचं होऊ शकतं. हेल्परमध्ये यासाठी ‘फेटल काउंट’ आहे: लागोपाठ इतक्या वेळा वाचन फसलं की हात टेकायचे. दोन प्रयत्नांमध्ये किती थांबायचं ते ‘रीरीड एमएस’ सांगतं. मोजणी संपली की हेल्पर तुमचं ‘डाय’ कॉलबॅक बोलावतो. ते नसेल किंवा तेही फसलं, तर ‘एचडब्ल्यू प्रोटेक्शन शटडाउन’ सुरू होतं. म्हणजे आधी यूजरस्पेसकडून (कर्नेलबाहेरच्या प्रोग्रामांकडून) शिस्तीत बंद करून बघायचं आणि मुदतीत झालं नाही तर जबरदस्तीनं. तुमच्या पॅनिकवाल्या सहकाऱ्याला मी हेच दाखवीन. पॅनिकमध्ये फाइलसिस्टिमला आवरायला सवडच मिळत नाही, शिवाय अनेक बोर्डांवर पॅनिकनंतर वीज चालूच राहते आणि शॉर्ट झालेली रेल निवांत तापत बसते.

फेटल काउंट शून्य ठेवला तर हेल्पर कधीच हात टेकत नाही. ज्या रेलवर जीव जाण्यासारखं काही नाही तिथे ते चालतं. मोटर, हीटर किंवा बॅटरी चार्जिंग असेल तर शून्य ठेवू नका.

मर्यादा कुठे लिहायच्या

आकडे ड्रायव्हरमध्ये कोरू नका. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन कर्नेलला देणाऱ्या फाइलमध्ये) प्रत्येक रेलला करंट, ओव्हर व्होल्टेज, अंडर व्होल्टेज आणि तापमान यांच्यासाठी प्रोटेक्शन, एरर आणि वॉर्न अशा तिन्ही पायऱ्यांच्या प्रॉपर्टी आहेत. करंट मायक्रोअँपिअरमध्ये, व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, तापमान केल्व्हिनमध्ये. ८५ अंश सेल्सिअस हवं असेल तर ३५८ लिहायचं. ८५ लिहिलं तर कर्नेलच्या लेखी ते उणे १८८ अंश होतं. शून्य म्हणजे ती मर्यादा बंद. एक म्हणजे चालू ठेवा, पण आकडा चिपचा स्वतःचा राहू द्या.

चिपला जी पायरी जमत नाही तिला ड्रायव्हरनं स्पष्ट नकार द्यावा. मागितलेली मर्यादा नसली की गुपचूप जवळची लावायची, हा प्रकार मला मुळीच पटत नाही. २ अँपिअरला इशारा मागणाऱ्याला ३ अँपिअरचा मिळाला आणि कळलंच नाही, तर त्याचा कनेक्टर आधी काळा पडेल.

ऐकणाऱ्याच्या बाजूला

उपभोक्ता ड्रायव्हर नोटिफायर नोंदवतो आणि स्वतःचं शहाणपण वापरतो. डिस्प्ले ब्राइटनेस उतरवेल, रेडिओ ट्रान्समिट पॉवर कमी करेल, कॅमेरा फ्रेमरेट घटवेल. लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. घटना बिटमास्क म्हणून येते आणि एकाच वेळी दोन बिट लागलेले असू शकतात, तेव्हा ‘बरोबर’ची तुलना नको, ‘अँड’ करून तपासा. दुसरं म्हणजे त्याच साखळीतून व्होल्टेज बदलण्यापूर्वीची आणि रेल बंद करण्यापूर्वीची विचारणाही येते. तुम्हाला न समजणाऱ्या घटनेला नकारार्थी उत्तर परत केलं तर तो व्होल्टेज बदल रद्द होतो. मग सीपीयूची वारंवारता का बदलत नाही हे शोधताना रेग्युलेटरच्या दोषाचं नोटिफायर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. जड काम नोटिफायरमध्ये करू नका, वर्कक्यूकडे (नंतर चालवायच्या कामांच्या रांगेकडे) ढकला.

मुख्य पुरवठाच कोसळत असेल तर हिशेब अगदी वेगळा. १२ व्होल्टच्या इनपुटवर १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत, लोड १ अँपिअर आहे आणि ९ व्होल्टपर्यंत यंत्र तग धरतं असं समजा. तुमच्या हातात ३ मिलिसेकंद आहेत. १०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर एक रजिस्टर वाचायलाच अर्धा मिलिसेकंद जवळपास जातो. इथे शिस्तीत शटडाउन वगैरे विसरा. ईएमएमसीवर (बोर्डवरच्या फ्लॅश मेमरीवर) नवं लिहिणं थांबवता आलं तरी खूप झालं. अशा रेलसाठी डिव्हाइस ट्रीमध्ये ‘सिस्टिम क्रिटिकल रेग्युलेटर’ ही प्रॉपर्टी आहे. अंडर व्होल्टेजनंतर किती मिलिसेकंदांची खिडकी मिळेल तेही सांगता येतं, आणि पुढचं कर्नेलचा गाभा बघतो. मुख्य रेलवर नुसता कंपॅरेटर आणि एक जीपीआयओ (साधी डिजिटल पिन) असेल तर ड्रायव्हर लिहायचीही गरज नाही, साध्या फिक्स्ड रेग्युलेटरला अंडर व्होल्टेजचा इंटरप्ट जोडता येतो. यातली सिस्टिम क्रिटिकलची सोय ६.८ पासून आहे.

यूजरस्पेसला कळवायचं म्हणून वेगळी फाइल काढू नका. एरर फ्लॅग देणाऱ्या रेग्युलेटरच्या सिसएफएस (कर्नेलमधली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) फोल्डरमध्ये प्रत्येक फ्लॅगची फाइल आपोआप दिसते. घटना हव्या असतील तर ६.८ पासून नेटलिंकवरून (कर्नेल आणि प्रोग्राम यांच्यातल्या संदेशांच्या सॉकेटवरून) मिळवायचा पर्याय कॉन्फिगमध्ये आहे. तुमच्या निरीक्षण सॉफ्टवेअरला तेवढं पुरेल.

तपासायचं कसं

शॉर्ट करून बघू नका, निदान पहिल्या दिवशी तरी नको. मर्यादाच खाली आणा. रेल नेहमी ४०० मिलिअँपिअर ओढत असेल तर ओव्हर करंट वॉर्न ३०० वर लावा आणि बूट करा. खरा इंटरप्ट, खरं स्टेटस, खरा नोटिफायर, आणि धूर नाही. अंडर व्होल्टेजसाठी उलट, मर्यादा प्रत्यक्ष आउटपुटच्या वर न्या. मग लोड कमी-जास्त करून फ्लॅग उतरतो का ते सिसएफएसमध्ये बघा, कारण चढणारा फ्लॅग सगळेच तपासतात. चाचणी चालू असताना /प्रॉक/इंटरप्ट्समधला त्या लाइनचा आकडा बघत राहा. तो आयआरक्यू ऑफ एमएसच्या चालीनं किंवा त्याहून सावकाश वाढला पाहिजे. शेवटी आयटूसीची क्लॉक लाइन जमिनीला लावून फेटल काउंटचा मार्ग एकदा चालवून बघा. हे करायच्या आधी फाइलसिस्टिम रीड-ओन्ली माउंट करा.

तुमच्या चिपचा स्टेटस बिट लॅच होतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर ‘रीनेबल’मध्ये आधी बिट पुसायचा, मग पुन्हा वाचायचा. नुसतं वाचलंत तर जुनाच दोष दिसत राहील आणि लाइन कधीच उघडणार नाही. ते डेटाशीटमध्ये बघून कळवा, मग त्या कॉलबॅकचा क्रम नेमका सांगता येईल.